लवकर ऑपरेशन केलं म्हणून नाक बसतं का?

वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जनची उत्तरं

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. जन्मापासून त्याचा डावीकडचा ओठ दुभंगलेला आहे, टाळूही. डावी नाकपुडी चपटी, पसरलेली आहे. डॉक्टर म्हणाले, वजन साडेचार किलो झालं की ओठाचं ऑपरेशन करू आणि टाळूचं पुढे वर्षाच्या आसपास. पण घरात वेगळंच चाललंय. माझ्या आतेसासूबाईंचाही ओठ असाच होता. त्या तान्ह्या असतानाच ऑपरेशन झालं. ओठ जुळला, पण नाक आजही एका बाजूने बसकं आहे आणि वरचा जबडा आत गेल्यासारखा दिसतो. सासूबाई म्हणतात, "एवढ्या लवकर ब्लेड लावलं म्हणूनच तिचं नाक वाढलं नाही. पोट्ट्याचं नाक मोठं होऊ दे, पाच-सहा वर्षांचा झाला की पाहू." त्यात मे महिना, उन्हाळ्यात टाके पिकतात म्हणतात. मालीशवाली बाई रोज नाक चिमटीत धरून वर ओढते, ती म्हणते यानेच सरळ होईल. मी कोणाचं ऐकू?
— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर: ऑपरेशन पुढे ढकलू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रावरून असं दिसतंय की तुमच्या घरी सगळ्यांचं मत विचारून झालंय, बाळाच्या आईचं तेवढं राहून गेलंय.

सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नाही. आतेसासूबाईंचं नाक बसकं आहे, जबडा मागे आहे आणि ऑपरेशन लहानपणी झालं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण नाक आणि जबडा या दोन वेगळ्या भानगडी आहेत. त्या एकत्र करून सगळा दोष ब्लेडवर टाकला की हिशेब चुकतो.

आधी नाकाचं बघू. बाळ शांत असताना त्याला मांडीवर उताणं घ्या, पाय तुमच्या पोटाशी, डोकं गुडघ्यांकडे, आणि हनुवटीच्या बाजूने वर बघा. दोन्ही नाकपुड्या समोर दिसतील. उजवी उभट आणि गोलसर, डावी आडवी पसरलेली. दोन नाकपुड्यांच्या मधला जो मांसल खांब असतो त्याचं बूड उजवीकडे सरकलेलं दिसेल. नाकाच्या शेंड्यावर डावीकडे बोट अलगद फिरवलंत तर तिथली कूर्चा, म्हणजे नाकाचं मऊ हाड, उजवीपेक्षा खाली बसलेली लागेल. आता सासूबाईंना शेजारी बोलवा आणि हेच दाखवा. बाळाला अजून कोणी ब्लेड लावलेलं नाही, तरी नाक बसकं आहेच.

असं का होतं? ओठाभोवती एक गोल स्नायू असतो, शिट्टी वाजवताना आपण आवळतो तो. गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यात ओठाचे भाग जुळायचे राहिले की या स्नायूचं कडं पुरं होत नाही. तुटलेलं एक टोक डाव्या नाकपुडीच्या बुडाशी जाऊन चिकटतं आणि तिला बाहेर ओढतं. दुसरं टोक मधल्या खांबाला आणि नाकाच्या पडद्याच्या पायाला उजवीकडे खेचतं. शिवाय डाव्या नाकपुडीखाली वरच्या जबड्याचं हाडही कमी असतं. जोतं एका बाजूने खचलेलं असलं की वरची भिंत कितीही नीट बांधा, ती कलणारच. ही ओढाताण पोटात असल्यापासून चालू आहे, आणि बाळ रडलं-हसलं की आजही होते. ओठाच्या ऑपरेशनमध्ये सर्जन फक्त कातडी शिवत नाही, हा स्नायू त्याच्या चुकीच्या जागेवरून सोडवून मधोमध जोडतो. म्हणजे नाकाला वाकडं करणारी ओढ थांबते. सहा वर्षं थांबलात तर नाकाला वाढायला वेळ मिळेल, हे खरं. पण ते वाकडंच वाढेल.

मग आतेसासूबाईंचं नाक तसंच का राहिलं? त्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण साधारण पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट असावी. त्या काळी बहुतेक सर्जन ओठ शिवायचे आणि नाकाला हात लावायचे नाहीत. तान्ह्या मुलाच्या कूर्चेला धक्का लागला तर तिची वाढ खुंटेल, तेव्हा नाकाचं बघू सोळा वर्षांनंतर, अशी शिकवण होती. आमच्या आधीच्या पिढीने ती आम्हालाही दिली. सासूबाईंची भीती ही खरं तर त्या काळच्या डॉक्टरांचीच भीती आहे, ती घरात येऊन मुक्काम करून राहिलेली. पुढे ऑस्ट्रेलियात पर्थ इथले सर्जन हॅरॉल्ड मॅकोम्ब यांनी ओठ शिवतानाच नाकाची कातडी कूर्चेवरून सोडवून खाली बसलेली कूर्चा टाक्यांनी वर उचलायला सुरुवात केली. नंतर ते त्या मुलांची नाकं वर्षानुवर्षं मोजत राहिले. १९८५ मध्ये त्यांनी दहा वर्षांचा आढावा छापला आणि १९९६ मध्ये तीच मुलं मोठी झाल्यावरचा. नाकाची वाढ खुंटलेली दिसली नाही. लवकर उचललेल्या नाकाबद्दल आज सर्जन निर्धास्त आहेत ते अशा कामांमुळे.

जुनी भीती अगदीच हवेतली होती असंही नाही. अमेरिकेत बर्नार्ड सारनाट यांनी सशांच्या पिल्लांच्या नाकातला मधला पडदा कापून काढला, तेव्हा त्यांचं तोंड पुढे वाढलंच नाही. पडदा हा वाढीचा भाग आहे. म्हणून तान्ह्या बाळाच्या पडद्याचा तुकडा कापून काढायचा नसतो. पडद्याचा उजवीकडे सरकलेला पाय सोडवून मध्यावर आणून बसवणं ही वेगळी गोष्ट. केरळात थ्रिसूरच्या ज्युबिली मिशन हॉस्पिटलमध्ये डॉ. एच. एस. अडेनवाला आणि त्यांचे सहकारी हे ओठाच्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये करत आले. सगळे सर्जन करत नाहीत, आणि त्यावर आमच्यात वाद आहेत. तुम्ही तुमच्या सर्जनना एवढंच विचारा: "ओठाबरोबर नाकपुडी उचलणार का? आणि पडद्याचं काय करणार?" उत्तर काहीही असो, त्यांनी ते चिडचिड न करता दिलं पाहिजे.

आता जबडा. इथे सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. श्रीलंकेत १९८०च्या दशकात मायकेल मार्स या ब्रिटिश दंततज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मोठी माणसं तपासली ज्यांच्या ओठ-टाळूवर कधीच शस्त्रक्रिया झाली नव्हती. त्यांचा वरचा जबडा चांगला पुढे वाढलेला होता. म्हणजे जबडा मागे राहतो तो मुख्यतः शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे, त्यातही टाळूच्या. हाडावरची त्वचा सोलून मधे आणली की बाजूला व्रण तयार होतो, आणि तो व्रण वाढत्या हाडाला जखडून ठेवतो. जबडा मागे राहिला की नाकाचा पायाच मागे राहतो, मग चांगलं नाकही बसकं दिसतं. आतेसासूबाईंचा चेहरा मधोमध खोलगट दिसतो तो बहुधा यामुळे.

मग टाळू उशिरा शिवावी का? जर्मनीत मारबुर्गला हाही प्रयोग झाला. मऊ टाळू लवकर शिवली आणि कडक टाळू मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत उघडी ठेवली. जबडे छान वाढले. बोलणं बिघडलं. उघड्या टाळूतून हवा नाकात जाते, 'प' चा 'म' होतो, 'क' घशातून निघतो, आणि एकदा बसलेली ती सवय मोडता मोडत नाही. माझं स्पष्ट मत आहे की बोलणं आधी, जबडा नंतर. मागे राहिलेला जबडा वाढ संपल्यावर पुढे आणता येतो. शाळेत ज्यांत मुलाचं बोलणं कोणालाच कळलं नाही ती दहा वर्षं परत आणता येत नाहीत. तेव्हा टाळू नऊ महिने ते वर्ष-सव्वा वर्ष या काळात उरकावी, हाडावर कमीत कमी ओरखडे पाडणाऱ्या हाताकडून.

आता मालीशवाल्या बाईंबद्दल. जन्मानंतर पहिले काही आठवडे बाळाच्या अंगात आईकडून आलेलं इस्ट्रोजेन असतं, त्यामुळे कूर्चा मऊ असते, वळवली तशी वळते. जपानमधले मात्सुओ यांनी याच काळात कानाच्या आणि नाकाच्या कूर्चेला आकार देता येतो हे दाखवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये ग्रेसन यांनी टाळूच्या प्लेटला नाकपुडीत जाणारा छोटा दांडा जोडला, तो नाक हळूहळू उचलतो. तेव्हा बाईंची कल्पना तत्त्वतः चूक नाही. पण तो दाब दिवसरात्र, कित्येक आठवडे, मोजून द्यावा लागतो. आंघोळीआधी दोन मिनिटं चिमटा घेऊन बाळ रडतं, बाकी काही होत नाही. ऑपरेशननंतर तर सर्जन सांगेपर्यंत नाकाला कोणीही हात लावायचा नाही, बाईंनीही नाही आणि आजीनेही नाही. नाकात तेल सोडत असतील तर आजच बंद करा, ते फुप्फुसात उतरतं. प्लेटसाठी तुमच्या बाळाला उशीर झालाय, कारण ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावी लागते. पण हे वाचणाऱ्या कोणाकडे नुकतंच असं बाळ जन्मलं असेल, तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दात सरळ करणाऱ्या विभागात जाऊन लगेच विचारा, बारशाची वाट पाहू नका.

उन्हाळ्याने टाके पिकत नाहीत. घाण हातांनी पिकतात. मे महिन्यात मला काळजी असते ती उपाशी ठेवण्याची. भूल देण्याआधी पोट रिकामं लागतं म्हणून बायका आदल्या रात्रीपासून बाळाला काहीच देत नाहीत, आणि नवतप्यात बाळ सुकून जातं. आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं, डब्याचं सहा तास, साधं पाणी दोन तास. भूलतज्ज्ञांकडून नेमकी वेळ घड्याळात दाखवून लिहून घ्या आणि पहिला नंबर मागा.

ऑपरेशननंतर बहुधा नाकपुड्यांत बसवायला सिलिकॉनची छोटी जोडनळी देतील. तिच्या दोन नळ्यांतून बाळ श्वास घेतं, आणि आतून शिवलेली नाकपुडी आकसू नये म्हणून ती काही महिने ठेवायची असते. नागपूरच्या घामात गालावरची चिकटपट्टी दुपारपर्यंत सुटते. गाल आधी ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडा होऊ द्या, मग पट्टी लावा. रोज काढून कोमट पाण्याने साबण लावून धुवा, शेंबूड आत वाळला की नळी बंद होते. पट्टी सैल असेल तर नळी नाकात ठेवू नका, बाळ ती हातात धरून तोंडात घालेल. मात्र काही दिवस काढून ठेवलीत तर पुन्हा बसणार नाही, हेही सांगून ठेवते.

पुढचं आधीच ऐकून ठेवा म्हणजे नंतर सर्जनना बोल लावणार नाही. सुरुवातीला नाक फार छान दिसेल. चौथ्या-पाचव्या वर्षी डावी बाजू पुन्हा किंचित खाली आल्यासारखी वाटेल, कारण कूर्चेची मूळ ओढ थोडी परत येते आणि उजवी-डावी बाजू सारखी वाढत नाही. शाळेत घालण्याआधी कधी छोटी दुरुस्ती लागते, कधी नाही. दर सहा महिन्यांनी मोबाइलवर एक फोटो समोरून आणि एक हनुवटीखालून काढून ठेवा, एकाच खिडकीच्या उजेडात. तपासायला येताना हे फोटो आणलेत तर फाइलीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

राहिलं वजन. दहा आठवडे, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा, हा जुना नियम आहे आणि अजून चांगला आहे. फाटलेल्या टाळूच्या बाळाला अंगावर ओढता येत नाही, ते दमून झोपतं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. दूध काढून बोंडल्याने द्या, बाळाला जवळजवळ बसतं धरून, आणि मधे दोनदा ढेकर काढा. खर्चाची चिंता असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. दुभंगलेला ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहे. 'स्माइल ट्रेन' या संस्थेशी जोडलेल्या हॉस्पिटलांतही हे ऑपरेशन मोफत होतं.

प्रश्न: मी आठवीत आहे. लहानपणी माझं ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालं. नाक एका बाजूने चपटं आहे आणि त्या बाजूने श्वासही कमी येतो. वर्गातली पोरं चिडवतात. मला दहावीच्या आधी नाकाचं ऑपरेशन करायचं आहे, पण डॉक्टर म्हणतात थांब. किती थांबू?
— एक विद्यार्थिनी, उमरेड

उत्तर: तुझं पत्र आईला न सांगता लिहिलेलं दिसतंय. आता हे उत्तर तिला दाखव, कारण यात तिचंही काम आहे.

नाक वयात येताना एकदम वाढतं. मुलींचं साधारण पंधरा-सोळापर्यंत, मुलांचं सतरा-अठरापर्यंत. आत्ता तेराव्या वर्षी शेवटचं मोठं ऑपरेशन केलं तर पडदा कापावा लागेल, कूर्चा जोडावी लागेल, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत नाक वाढून सगळं पुन्हा हलेल. दुसऱ्यांदा उघडलेल्या नाकात व्रण असतो, तिथे सर्जनला हवं तसं काम करता येत नाही. तुझे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

पण नुसतं थांबायचंही नाही. आधी हे बघ: हिरडीतली फट हाडाने भरली आहे का? ते ऑपरेशन आठ ते अकरा या वयात, वरचा सुळा येण्याआधी करतात, कमरेच्या हाडातून थोडं मऊ हाड घेऊन. कमरेवर छोटा व्रण आहे का, आईला विचार. नसेल तर लगेच दंतवैद्यांकडे जा, कारण त्या हाडाने दात तर बसतोच, शिवाय चपट्या नाकपुडीला खालून आधार मिळतो. मग दातांना तारा. मग तुझा वरचा जबडा खालच्याच्या मागे चावतो का ते बघतील. चावत असेल तर वाढ संपल्यावर आधी जबडा पुढे आणतात, नाक सगळ्यांत शेवटी, कारण जबडा हलला की नाकाचा आकार आपोआप बदलतो. जबडा ठीक असेल तर दहावीच्या परीक्षेनंतरची लांब सुट्टी तुझ्यासाठी अगदी योग्य. तेव्हा पडद्यातून, कधी कानातून, कधी बरगडीतून कूर्चा घेऊन नाकाचा शेंडा उभा करतात. काही आठवडे सूज राहील, पण कॉलेज सुरू होईपर्यंत लोकांना कळण्याइतकी नाही. पूर्ण उतरायला मात्र वर्ष लागतं, आणि वर्षभर आरशासमोर रोज उभं राहायचं नाही.

श्वासाचं वेगळं. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतेस का, सकाळी घसा कोरडा पडतो का, हे नाक-कान-घसावाल्यांना सांग. फारच अडथळा असेल तर पडद्याची मर्यादित दुरुस्ती आधीही करता येते. जाशील तेव्हा कानही तपासून घे. टाळूच्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं, आणि मास्तर म्हणतात लक्ष नाही.

चिडवणाऱ्या पोरांचं काम आईने वर्गशिक्षिकेकडे जाऊन करायचं आहे, तू एकटीने नाही. आणि ज्या पोराने सगळ्यांत जास्त चिडवलं त्याचं नाव लिहून द्यायचं. मोघम तक्रारीने काही होत नाही.

प्रश्न: आमच्या मुलीचा ओठ दुभंगलेला होता, आता ऑपरेशन होऊन ती चांगली आहे. दुसऱ्या बाळाचा विचार करतोय. आई म्हणते, पहिल्या वेळी ग्रहणात सूनबाईने भाजी चिरली म्हणून झालं, या वेळी ग्रहण पाळा. पुन्हा असं होण्याची शक्यता किती?
— एक वडील, कामठी

उत्तर: सूर्य-चंद्र मिळून वर्षाला चार ते सात ग्रहणं होतात, त्यातली आपल्याकडून दिसतात ती मोजकी. दुभंगलेल्या ओठाची बाळं बाराही महिने जन्मतात, साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक. आईंना ग्रहणात घरात बसवायचं समाधान हवं असेल तर सूनबाईंनी तेवढे तास आराम करावा, तोही कामठीच्या घरात सहज मिळत नसेल. पण पहिल्या वेळचा दोष तिच्या विळीवर टाकणं बंद करा, आणि ते तुम्ही स्वतः आईंना सांगा.

तुम्हा दोघांपैकी कोणालाही हा दोष नसेल तर दुसऱ्या बाळात तो येण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच. दिवस राहण्याआधीपासून आणि पहिले तीन महिने रोज फॉलिक ॲसिडची गोळी. किती ताकदीची ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. पत्नीला फिट्सची औषधं चालू असतील तर आत्ताच सांगा, त्यातलं व्हॅल्प्रोएट गर्भासाठी चांगलं नाही, पण स्वतःच्या मनाने एक गोळीही बंद करू नका. घरात बिडी-सिगारेटचा धूर नको, आणि खर्रा कोणाच्याच तोंडात नको, तुमच्याही. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ बघायला सांगा. ओठाची फट बहुतेकदा दिसते. एकट्या टाळूची फार वेळा सुटते, म्हणून जन्मल्यावर डॉक्टरांना टॉर्च लावून टाळू बघायला लावा, बोट फिरवून नाही.